एचआयव्हीत मेंदूला इन्फेक्शन झालं तर उपचार कसे होतात, या वॉर्डचा अनुभव

दादाच्या एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सुटल्या होत्या, सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १०० च्या खाली गेलेला आणि डोकं इतकं दुखायचं की उजेड सहन होईना. इथे उगाच व्हायरल ताप म्हणून टाळलं नाही, लगेच रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटीजेन टेस्ट (क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचं इन्फेक्शन शोधणारी) केली, पॉझिटिव्ह आल्यावर पाठीतून, मणक्यातलं पाणी काढून खात्री केली की हा क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीचं इन्फेक्शन आहे. उपचार डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या गाइडलाइनप्रमाणे, लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि १४ दिवस फ्लुसायटोसिन, फ्लुकोनॅझोल, ही सगळी बुरशीवरची औषधं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे डोक्यातलं प्रेशर वाढलं की परत पाणी काढायचे, आम्ही घाबरायचो कारण नातेवाईक म्हणायचे याने पाय जातात, पण सिस्टरनी बसवून समजावलं की प्रेशर तसंच ठेवलं तर नजर जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पाणी काढलं की दादाला खरंच हलकं वाटायचं. एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) लगेच का देत नाही म्हणून वहिनी डॉक्टरांवर चिडल्याच, तेव्हा कळलं की या आजारात ४ ते ६ आठवडे थांबावं लागतं, नाहीतर प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊन मेंदूत सूज वाढते.

एकच तक्रार, आणि ती मोठी आहे, राउंडला पेशंटचा आजार सगळ्यांसमोर मोठ्याने बोलतात, हे बंद व्हायलाच हवं. डिस्चार्जनंतर फ्लुकोनॅझोल निदान वर्षभर चालतं, ते मात्र नीट लिहून देतात आणि फॉलोअपला स्वतः फोन करतात.