घरची गाडी, मागे छोटा कॅम्पर : खर्च कशावर करावा आणि कशावर टाळावा

कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घ्यायचं मनात आलं की प्रत्येक जण गाडीचं पुस्तक उघडतो आणि एकच आकडा शोधतो: ही गाडी किती वजन ओढते? समजा तिथे १५०० किलो लिहिलंय आणि मनात भरलेला कॅम्पर सामानासकट ८०० किलोचा आहे. जवळपास निम्म्यातच भागलं म्हणून माणूस खूश. मीही झालो होतो. मग एका संध्याकाळी कागद घेऊन बेरीज मांडली. गाडीचा पेलोड, म्हणजे माणसांपासून टपावरच्या बॅगेपर्यंत सगळं मिळून गाडी अंगावर किती पेलते तो आकडा, ४५० किलो. आम्ही चौघं मिळून २७०. डिकीतलं सामान ८०. हिचचं, म्हणजे कॅम्पर अडकवायला गाडीच्या मागे बसवतात त्या जोडणीचं, लोखंड २०. आणि कॅम्परचा पुढचा दांडा हिचच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, जो भार टाकतो, तो ८०. झाले की ४५०! ओढण्याच्या हिशेबात ७०० किलो शिल्लक, आणि पेलण्याच्या हिशेबात पाण्याची एक बाटलीसुद्धा जास्तीची.

म्हणून पुढचे सगळे पर्याय मी या बेरजेला धरूनच तोलले आहेत. पेलोड काढायला गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. अनेक गाड्यांत तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थेटच लिहिलेला असतो. युरोपीय पद्धतीच्या कागदांत रिकाम्या वजनातच ड्रायव्हरचे ७५ किलो धरलेले असतात, तेव्हा स्वतःला दोनदा मोजू नका. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याचीही वेगळी मर्यादा असते. घाटात इंजिनाचा जीव जातो तो ती ओलांडल्यामुळे.

कंपनीचं टो पॅकेज की नंतरची जोडणी

नवी गाडी घेणार असाल तर इथे फार डोकं लावायचं कारण नाही: कंपनीचं टो पॅकेज मिळत असेल तर घ्या. त्यात नुसता हिच नसतो. वायरिंग, बऱ्याचदा जादा थंडाव्याची सोय आणि ट्रेलर डोलायला लागला तर एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी प्रणाली असते. काही मॉडेलांत तर या पॅकेजसकट आणि पॅकेजशिवाय ओढण्याची मर्यादाच वेगवेगळी दिलेली असते, आणि नंतर बाहेरून हिच बसवला तरी ती वाढत नाही.

गाडी आधीच दारात उभी असेल तर नंतरची जोडणी हाच मार्ग. तो वाईट नाही. फक्त जास्त क्षमतेचा हिच लावला म्हणून गाडी बळकट होते, ही समजूत डोक्यातून काढा. अमेरिकी वर्गवारीतला पहिला वर्ग साधारण ९०७ किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठी, दुसरा १५८८ किलोपर्यंत. पण गाडी, हिच, बॉल, कपलर (कॅम्परच्या दांड्याचं बॉलवर बसणारं तोंड) या सगळ्यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा आकडा.

हिचमध्ये पक्का, काढता-घालता येणारा आणि चौकोनी नळीत दांडा सरकवायचा, असे तीन प्रकार दिसतात. पक्का स्वस्त आणि मजबूत, पण रोज मागच्या पार्किंग सेन्सरला चकवतो आणि डिकीत सामान ठेवताना नडगी फोडतो. वर्षातून चार-पाच वेळाच कॅम्पर जोडणार असाल तर काढता येणाराच बरा. नळीचा प्रकार सायकलचा स्टँड वगैरे लावायलाही कामी येतो. बॉलचा व्यास मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. युरोपीय बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंची बॉल ५०.८ चा, आणि त्याहून लहान एक ४७.६ चा. नजरेला तिन्ही सारखेच दिसतात, पण लहान बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून सुटू शकतो.

कॅम्पर कोणता, हेही गाडीच ठरवते

थेंबाच्या आकाराचा टिअरड्रॉप हलका आणि बुटका, गाडीच्या मागे वाऱ्याला दिसतही नाही. पण आत झोपतात दोघं. घडीचा, कापडी भिंतींचा कॅम्पर चौघांना पुरतो आणि रस्त्यावर असताना घडी घातलेला असल्याने तोही गाडीच्या आडोशाला राहतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: उभारायला अर्धा तास, आणि पावसात भिजलेलं कापड घरी आल्यावर पुन्हा उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी. पेटीसारखा कडक भिंतींचा कॅम्पर राहायला सर्वांत सुखाचा, पण गाडीच्या टपाच्या वर निघालेली त्याची सपाट छाती सतत वारा अडवते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त. काही गाड्यांच्या पुस्तकात वजनाबरोबर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा असते, ती कोणी वाचत नाही. मुलांसकट जायचं आणि गाडी मध्यम आकाराची, तर माझं मत घडीच्या कॅम्परला.

बॉलवरचा भार

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढचा भाग वर उचलला जातो. ट्रेलरचंही तेच. बॉलवर पुरेसा भार नसेल तर तो मागून शेपटी हलवायला लागतो. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर ठेवायला सांगतात. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के, कारण तिथल्या गाड्यांच्या हिचला बऱ्याचदा ७५ ते १०० किलोचीच परवानगी असते. तुमच्या गाडीला, हिचला आणि ट्रेलरला जी मर्यादा लिहिली आहे, तिच्या आत पण तिच्याजवळ राहणं चांगलं.

हा भार मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. सपाट जागी कॅम्परच्या चाकांना अडण लावा, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर टेकवा. उंची बॉलइतकीच हवी. काटा तेवढं वजन दाखवणारा असला म्हणजे झालं.

इथे पाण्याची टाकी माणसाला फसवते. समजा ६० लिटरची टाकी ॲक्सलच्या, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मागे १.२ मीटरवर आहे आणि कपलर ॲक्सलच्या पुढे ३.६ मीटरवर. टाकी भरली की कॅम्पर ६० किलोने जड होतो, पण बॉलवरचा भार २० किलोने घटतो. म्हणजे ८००ला ८० होते, ते ८६०ला ६० झाले. सकाळी निघताना टाकी भरून घेतली आणि कॅम्पर आज जरा वेगळाच वागतोय असं वाटलं, तर कारण हेच. टाकी मुक्कामी भरा.

गाडी मागून बसली की लोक धावतात ते स्प्रिंगकडे. मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या घातल्या की शेपूट वर येतं, हेडलाइट पुन्हा रस्त्यावर पडतात, फोटोही छान येतो. पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत येत नाही आणि पेलोड एका किलोने वाढत नाही. भार वाटून देणारा हिच, ज्यात लवचिक दांडे ताणून वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकललं जातं, तो खरं काम करतो. पण कुटुंबाच्या बऱ्याच गाड्यांना वेगळी चासी नसते, आणि अशा कित्येक गाड्यांच्या पुस्तकात हा हिच वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ८०० किलोच्या कॅम्परला तो सहसा लागतही नाही. आधी सामान नव्याने लावा: जड वस्तू ॲक्सलच्या आसपास आणि कॅम्परच्या तळालगत, हलक्या टोकांना. याला पैसे पडत नाहीत.

ब्रेक : इथे हात आखडू नका

युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलोचा आणि गाडीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच चालतो. ऑस्ट्रेलियातही ७५० ही रेघ आहे. अमेरिकेत राज्यागणिक आकडा बदलतो. कायदा सांगतो ती किमान पातळी. ब्रेक नसलेला ७०० किलोचा ट्रेलर कायदेशीर असला, तरी तो थांबवायचं काम तुमच्या गाडीचेच ब्रेक करतात, आणि उतारावर तेही आधीच तापलेले. मी ४०० किलोच्या वर बिनब्रेकचा घेणार नाही.

मग उरतात दोन. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी थांबायला लागली की ट्रेलर मागून रेटतो, कपलरमधला दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडीत काही बसवावं लागत नाही, कंट्रोलर नको. आज तुमच्या गाडीला, उद्या मेव्हण्याच्या गाडीला, चालतं. तोटा उतारावर कळतो: ट्रेलर सतत रेटत राहतो आणि ब्रेक हलके लागलेलेच राहून तापतात. खालचा गिअर टाकून वेग आधीच कमी ठेवला आणि उतारात मध्येच थांबून ब्रेक निववले तर हा प्रकार आटोक्यात राहतो. जुन्या ट्रेलरमध्ये मागे घेताना ब्रेक लागून बसू नये म्हणून एक खटका लावावा लागतो. नव्यांत ते आपोआप होतं.

इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर हवा आणि जादा वायर हवी. कंट्रोलर दोन जातींचे. स्वस्तातला ब्रेक पेडल दाबल्यावर ठरावीक वेगाने जोर वाढवत नेतो, तुम्ही पेडलला हळूच स्पर्श केला की करकचून दाबलं, याचं त्याला घेणंदेणं नसतं. दुसरा गाडी किती जोराने मंदावते आहे ते ओळखून त्याच प्रमाणात ट्रेलरला ब्रेक लावतो. दुसराच घ्या. आणि त्याच्यावर हाताने चालवायचा खटका आहे ना, ते नक्की बघा. कॅम्पर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. मागून ओढ बसली की शेपटी सरळ होते. ओव्हररनमध्ये ही सोय नाही.

कॅम्पर कायम एकाच गाडीमागे जाणार असेल तर इलेक्ट्रिक. भाड्याने घेणार किंवा गाड्या बदलणार असाल तर ओव्हररन. दोन्हींत ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तार असते. ती सुरक्षा साखळीवर अडकवू नका, साखळी तुटली तर तारही जाईल. तिच्यासाठी गाडीच्या हिचवर वेगळी जागा शोधा.

वायरिंग

जुन्या गाडीत मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून जोड मारला की काम व्हायचं. मीही एकदा मारला होता. अर्थिंग गंजलं होतं, तेव्हा ब्रेक दाबला की कॅम्परचा इंडिकेटर मंद पेटायचा आणि उजवा लावला की दोन्ही लुकलुकायचे. आजच्या गाडीत हा जुगाड परवडत नाही. दिवे कॉम्प्युटर चालवतो, बल्ब गेला की त्याला कळतं, जादा भार दिसला की तो चूक दाखवतो किंवा स्वतःच बिघडतो. बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा मॉड्यूल हा मधला, बराच सुरक्षित मार्ग. पण तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला वायरिंग सेट बसवून गाडीत त्याची नोंद करून घेतली, तर गाडीला ट्रेलर जोडल्याचं समजतं: मागचे सेन्सर गप्प होतात आणि त्या गाडीत डोलणं सावरण्याची सोय असेल तर ती जागी होते. हिचमध्ये वाचवलेले पैसे इथे घाला.

चार पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ, टेललाइट, डावा आणि उजवा एवढंच असतं. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर अमेरिकी सात पिनीसारखं सॉकेट लागतं; नुसती कॅम्परची बॅटरी चार्ज करायची असेल तर युरोपीय तेरा पिनीही चालतं. बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवायचं यंत्र, इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, म्हणून कॅम्परच्या बॅटरीसाठी ते पुन्हा वर नेणारा डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो.

बाकीचं पटकन. ऑटोमॅटिक गाडी आणि घाटाचा रस्ता असेल तर गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आहे का ते पाहा. जादा आरसे फक्त कॅम्पर गाडीहून रुंद असेल तर. टायरांची झीज बघण्याआधी कॅम्परच्या टायरवरचं उत्पादनाचं वर्ष बघा, कारण ते उभ्या उभ्या म्हातारे होतात.

आणि पहिल्या प्रवासाआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून एकदा वजनकाट्यावर जा. आमचा ८०० किलोचा कॅम्पर तिथे ८९० निघाला. दुसरा गॅस सिलिंडर, लोखंडी घडीचं टेबल आणि 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेली हत्यारांची पेटी, तिन्ही तिथूनच घरी परत पाठवली.