वेड्या बाभळीवर चेनसॉ: बार, चेन आणि स्प्रॉकेटचा वापरानंतरचा अनुभव

चेनसॉ घेताना बहुतेक जण इंजिन किती सीसीचं एवढंच विचारतात. आमचं मशीन ५८ सीसीचं. शेती मोहोळ तालुक्यात, सीनेकाठी. काम मुख्यतः बांधावरची नि ओढ्यातली वेडी बाभूळ काढायचं. मधूनच एखादी वाळलेली चिंच, नाहीतर तेल्या रोगानं गेलेली डाळिंबाची बाग. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की इंजिनाची काळजी त्या मानानं सोपी आहे. कस लागतो तो बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी), चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) या तिघांचा. एक झिजला की तो उरलेल्या दोघांना झिजवतो.

मशीनबरोबर आलेला बार १८ इंची, तीन पत्रे जोडून केलेला. पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) ०.३२५ इंच, गेज (बारच्या खोबणीची रुंदी) ०.०५८ इंच, चेनला ७२ ड्राइव्ह लिंक, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या कड्या. हे आकडे बहुतेक बारवर बुडाशी कोरलेले असतात. ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दुकानात नुसतं ‘१८ इंची द्या’ म्हणून भागत नाही. ०.०५० ची चेन ०.०५८ च्या खोबणीत बसते, पण बसल्यावर डोलते आणि वाकडी कापते.

झीज सुरू झाली की आधी कळतं ते कापावरून. जाड बुंध्यात काप हळूहळू एका अंगाला वळायला लागतो. अशा वेळी लोक चेनला दोष देतात. एका बाजूचे दाते आखूड झाले असतील तर तो दोष खराही असतो. पण दाते दोन्हीकडचे सारखे असूनही काप वळत असेल, तर बारच्या खोबणीच्या दोन्ही कडा बघा. इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, स्टीलची पट्टी दात्याच्या बाजूला आणि बारच्या अंगाला अशी टेकवायची. बार आणि पट्टीत फट राहिली तर कडा ठीक आहेत. चेन कलून फट नाहीशी झाली तर खोबण रुंदावलीय.

कडांची निगा अवघड नाही. चेन घासून घासून कडेबाहेर धारदार ओठ येतो. तो चपट्या कानशीनं काढायचा, मग बारच्या अंगाला गुण्या लावून दोन्ही कडा एका उंचीच्या आहेत का ते बघायचं. राहू दिलेला ओठ पुढे तुटतो आणि कडेचा तुकडा घेऊन जातो. खोबणीतला भुसा हॅक्सॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्यानं निघतो. धार लावायची वेळ आली की बार उलटा करून बसवायचा. आपण जास्त कापतो ते खालच्या कडेनं, त्यामुळे उलटला नाही तर एकच बाजू संपते.

आता तेल. आपल्याकडे गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल टाकायची सवय सर्रास आहे. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पंपात आणि खोबणीत जातो. शिवाय त्याला चिकटपणा नसतो, म्हणून ते बारच्या नाकावरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, उडून जातं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तेल आणखी पातळ होतं. मी चेनसाठीचंच चिकट तेल वापरतो. पंप चालतोय का ते बघायला नाक पांढऱ्या कागदासमोर धरून रेस द्यायची. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारच्या बुडाचं तेलाचं भोक बघा. बाभळीचा डिंक आणि भुसा मिळून ते घट्ट बुजतं. कडेवर निळसर डाग दिसला तर तिथं बार तापलाय आणि पोलाद मऊ पडलंय. तिथला ओठ कितीही काढला तरी पुन्हा येतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मातीनं होतं. सीनेचं पुराचं पाणी ज्या बुंध्यांना लागून गेलंय, त्यांच्या सालीत गाळ आणि वाळू बसलेली असते. अशा ठिकाणी चेन काही मिनिटांत बोथट होते. बोथट चेन आपण जोरानं दाबतो आणि तो दाब कडांवर येतो. म्हणून कापायच्या रेघेवरची साल आधी कुऱ्हाडीनं उडवून घेतो. वेळ जातो, पण पुन्हा पुन्हा धार लावण्यापेक्षा कमीच. धारेला ०.३२५ साठी ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दात्यापुढचा उंचवटा दात्याच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा.

स्प्रॉकेट झाकणामागे दडलेला, म्हणून विसरला जातो. चेनचे लिंक त्यावर खाचा पाडतात. खाच अर्धा मिलिमीटर झाली की तो बदलावा, आणि साधारण दोन चेनमागे एक हा हिशेब ठेवावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकणं म्हणजे ती चेन वाया घालवणं.

आता मशीनवर अखंड पोलादाचा, नाक बदलता येणारा बार आहे. किंमत जास्त आणि मशीन पुढून जड लागतं, त्यामुळे उंच फांद्यांच्या कामाला तो मला नको वाटतो. जमिनीवर पडलेल्या वाळक्या बाभळीवर मात्र फरक स्पष्ट आहे. कडा उशिरा फाकतात, ओठ कमी येतो. ज्याला वर्षातून चार फांद्या तोडायच्या आहेत त्यानं हा खर्च करू नये, जोडपत्र्याचा बार पुरतो. माझ्या अखंड बारची खोबण अजून खोल आहे. ती ६ मिलिमीटरच्या आत आली की लिंक तळाला घासतील, तेव्हा नाक चांगलं असलं तरी बार काढणार. त्याच दिवशी चेन आणि स्प्रॉकेटही नवे.