प्रसिद्धीपत्रक शेकडो ठिकाणी सोडावं, की वीस जणांना स्वतः पाठवावं?

कादंबरी स्वतःच्या हिमतीवर प्रकाशित केली, ऑनलाइन विक्रीला लागली, आता ती लोकांपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. साधारण याच सुमारास कुणीतरी सुचवतं, ‘एक प्रसिद्धीपत्रक काढा.’ पण पत्रक, म्हणजे वृत्तमाध्यमांना द्यायचा बातमीवजा मजकूर, काढायचं म्हणजे नक्की काय करायचं? पैसे भरून एखाद्या वितरण सेवेमार्फत ते एका झटक्यात सगळीकडे सोडायचं? निवडक पत्रकारांना स्वतः पाठवायचं? की पत्रकाचा नाद सोडून थेट परीक्षकांच्या आणि वाचकांच्या हाती पुस्तक द्यायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. कादंबरीत किंवा तुमच्यात बातमी असेल तर दुसरी वाट धरा, नसेल तर तिसरी. पहिल्या वाटेवर पैसे घालवावेत अशी वेळ कादंबरीकारावर क्वचितच येते.

ही पहिली वाट आकर्षक का वाटते, हे समजण्यासारखं आहे. पीआर न्यूजवायरसारखी सेवा १९५४ पासून चालू आहे, बिझनेस वायर १९६१ पासून. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्यांचं नाव आहे, त्यामुळे आपलं पत्रकही तिथे वजनदार ठरेल असं वाटतं. पण या सेवा मुळात कंपन्यांसाठी उभ्या राहिल्या. तिमाही निकाल, विलीनीकरण, नवा प्रमुख अशा बातम्या एकाच क्षणी सगळ्यांना कळाव्यात, ही त्यांची गरज. शब्दसंख्या आणि पत्रक किती प्रदेशांत जाणार यावर दर ठरतात, आणि ते कंपन्यांच्या खिशाला परवडतील असे असतात. त्या निकालांच्या ढिगाऱ्यात तुमची कादंबरी साहित्यविषयक पान पाहणाऱ्या माणसाच्या नजरेस पडेलच असं नाही.

नंतर एक अहवाल येतो, ‘तुमची बातमी इतक्या शंभर संकेतस्थळांवर झळकली.’ तो नीट उघडून पाहा. बहुतेक दुवे यंत्राने जशाच्या तशा उतरवलेल्या मजकुराचे असतात. तो मजकूर कुण्या संपादकाने निवडलेला नसतो आणि वाचकही तिथवर फारसे फिरकत नाहीत. निदान गूगलच्या शोधात पुस्तक वर येईल, ही आशाही सोडा. शोधात वर येण्यासाठी पत्रकांत पेरलेले दुवे गूगलने २०१३ मध्येच आपल्या नियमांत गैरप्रकारांच्या यादीत घातले.

पत्रक हे साधनच कुचकामी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाची सुरुवात साधारणपणे १९०६ पासून धरतात. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा मोठा अपघात झाला. तेव्हा प्रसिद्धीचं काम पाहणारे आयव्ही ली यांनी कंपनीतर्फे माहिती लिहून वृत्तपत्रांना दिली आणि ती छापली गेली. ती का छापली गेली? वृत्तपत्रं त्या माहितीची वाटच पाहत होती म्हणून. ‘अमक्याची कादंबरी आली’ याची वाट कुणी पाहत नसतं. पत्रक लिहायला बसण्याआधी हे मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

समजा, एका निवृत्त अभियंत्याने धरणात गेलेल्या गावावर कादंबरी लिहिली आहे. तिच्या पत्रकाचे हे दोन मथळे बघा. एक : ‘प्रतिभावान लेखकाची हृदयस्पर्शी कादंबरी वाचकांच्या भेटीला’. दुसरा : ‘आयुष्यभर धरणं बांधणाऱ्या अभियंत्याने लिहिली बुडालेल्या गावाची कादंबरी’. पहिल्यात लेखक स्वतःच स्वतःचं कौतुक करतो आहे, आणि तो मथळा कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल. दुसरा वाचून बातमीदाराच्या मनात लगेच प्रश्न येतो : याला हे आत्ताच का लिहावंसं वाटलं? त्याचं उत्तर लेखकाच्या तोंडून खाली दोन ओळींत द्यावं. ‘वाचकांना ही कलाकृती नक्कीच आवडेल’ असलं काही नको. ‘नकाशावर ज्या घरांवर मी निळा रंग भरला, त्यांत कोण राहत होतं हे मला माहीत नव्हतं,’ असं काहीतरी हवं. पत्रकातलं एकच वाक्य छापलं जाणार असेल तर ते हे असेल.

बाकीचा सांगाडा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कधी, कुठे. कथानक तीन-चार वाक्यांत, शेवट न फोडता. मग लेखकाचा छोटा परिचय, पृष्ठसंख्या, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पुस्तक कुठे मिळेल आणि संपर्क. सगळं एका पानात. मजकूर मेलमध्येच टाकावा, कारण अनोळखी माणसाची जोडलेली फाइल कुणी सहसा उघडत नाही. मुखपृष्ठाचं चित्र छापण्याजोगं स्पष्ट, ३०० डीपीआयचं (दर इंचात ३०० ठिपके), एखाद्या दुव्यावर ठेवावं.

पाठवायचं कुणाला, यात खरी मेहनत आहे. पुस्तकांवर लिहिणारे तर हवेतच, पण त्यांच्याकडे आधीच रीघ असते. धरणाच्या कादंबरीसाठी पाणीप्रश्नावर लिहिणारी बातमीदार, अभियंत्यांच्या संघटनेचं मासिक, विस्थापितांवर कार्यक्रम करणारं रेडिओ केंद्र ही जास्त जवळची माणसं. प्रत्येकाला नावानिशी लिहावं आणि वर दोन ओळी त्याच्यासाठीच असाव्यात. अशी वीस नावं शोधायला चांगले काही दिवस जातात. याला पैसा जवळपास लागत नाही, पण वेळ सढळ हाताने द्यावा लागतो. आठवड्याभराने एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नको.

आता ज्यांच्या कादंबरीला असा कुठलाच बातमीचा धागा नाही त्यांच्याविषयी, आणि असे लेखकच जास्त असतात. एखादी प्रेमकथा किंवा रहस्यकथा उत्तम असू शकते आणि तरीही तिच्यात बातमी नसते. अशा वेळी ओढूनताणून मथळा रचू नये. त्या प्रकारची पुस्तकं मनापासून वाचणाऱ्या परीक्षकांना साधं पत्र आणि प्रत पाठवावी. नेटगॅलीसारख्या संकेतस्थळावर डिजिटल प्रत ठेवली तर वाचक स्वतःहून ती मागतात. कर्कस या अमेरिकी परीक्षण-नियतकालिकाची ‘कर्कस इंडी’ ही सेवा पैसे घेऊन परीक्षण लिहून देते. ते अनुकूल येईल याची हमी नसते, मात्र नको असेल तर ते प्रसिद्ध न करण्याची मुभा लेखकाला असते. अ‍ॅमेझॉनवरचे वाचक-अभिप्राय मात्र विकत घेऊ नका. तिथे त्याला बंदी आहे. फुकट प्रत देता येते, पण बदल्यात अभिप्रायाची अट घालता येत नाही.

शेवटच्या दोन वाटांमध्ये मोठा फरक पडतो तो वेळेचा. दैनिकाला पत्रक प्रकाशनाच्या आठवड्यात मिळालं तरी चालतं. परीक्षणं छापणाऱ्या मोठ्या नियतकालिकांना मात्र प्रत तीन-चार महिने आधी लागते, आणि विक्रीला आलेलं पुस्तक त्यांतली काही घेतच नाहीत. स्वयंप्रकाशित लेखकाच्या हातात इथे एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे प्रकाशनाची तारीख. फाइल तयार झाली म्हणून त्याच रात्री विक्रीचं बटण दाबायची गरज नाही. थोड्या प्रती आधी छापून घ्या, त्या परीक्षकांना जाऊ द्या आणि तारीख पुढची ठरवा. पुस्तक आधीच बाजारात असेल, तर पत्रक पुरस्कार, अनुवाद किंवा कादंबरीच्या विषयाशी जोडलेली एखादी ताजी घटना घडेपर्यंत राखून ठेवा. तोवर प्रती वाटत राहा.