इशापूर 2ए1 : आठ महिने आणि बोल्टवरचा एक आकडा

आधीच सांगतो, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ही रायफल चांगली आहे. चिडलोय ते लिलावाच्या जाहिरातीतल्या तीन शब्दांवर : 'सर्व नंबर जुळतात', म्हणजे सगळे भाग मूळ याच रायफलीचे.

कोलंबस, ओहायोत राहतो. नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीत डीपी (फक्त कवायतीची) रायफल खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारल्या, त्यामुळे ऑनलाइन लिलावात इशापूरचं नाव दिसलं की बोट थांबतं. तिथंच चूक झाली. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी बोली लावायचा, लिलाव पंधरा मिनिटं लांबायचा, आणि रात्री साडेअकराला मी हट्टाला पेटलो. 610 वर सुटली. त्यावर कार्डाचे 3 टक्के, पाठवणीचे 45, परवानाधारक डीलरमार्फत ताबा घेण्याचे, म्हणजे ट्रान्सफरचे 35. एकूण 708 डॉलर 30 सेंट. जाहिरातीत 'दुर्मीळ'ही होतं. रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने अशीच रायफल वीसेक वर्षांपूर्वी दुकानात ग्रीसनं लडबडलेल्या रायफलींच्या ढिगातून शंभरेक डॉलरला उचलली होती. दुर्मीळ म्हणे!

आल्या दिवशी पहिला भडका स्क्रूवरून उडाला. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा आरपार स्क्रू. मला वाटलं कुणीतरी फुटलेलं लाकूड ठोकून जोडलंय. विक्रेत्याला तावातावाने लिहिलं. दोन दिवस वाचत बसलो तेव्हा कळलं, तो इशापूरचाच. लाकूड चिरू नये म्हणून त्यांच्या रायफलींत हा स्क्रू घालायचेच. निमूट माफी मागितली. या गडबडीत परतीची तीन दिवसांची मुदत संपली.

मग पाचव्या दिवशी बोल्ट साफ करताना भिंग लावलं. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी नंबर आहे, बॉडीवरच्या नंबराशी जुळतोही. पण खालचं लोखंड कानशीने घासलेलं, आणि त्या ओरखड्यांतून जुना 8 अजून डोकावतो. वरचे आकडे एका रेषेत नाहीत, शेवटचा तर पायरी चुकल्यासारखा खाली उतरलाय. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा, नंबर मागून ठोकलेला. विक्रेता म्हणाला, "नंबर जुळतो ना? मग मी खोटं काय लिहिलं?" शिवाय परत करायची तर 10 टक्के कापणार. मी म्हटलं, राहू दे.

बोल्ट बदलला की हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला उरणाऱ्या जागेची, काळजी असतेच. म्हणून 40 डॉलर देऊन गनस्मिथकडून गेज लावून घेतलं. पास झाली. (हिशोबात आणखी 40.)

आता आठ महिन्यांनंतर मत बरंच बदललंय. 1962 च्या युद्धानंतर थ्री-नॉट-थ्रीचंच अंग जास्त मजबूत पोलादात घडवून ती 7.62 नाटो काडतुसासाठी केली, हे हातात घेतल्यावर पटतं. 26/11 ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात जी थ्री-नॉट-थ्री होती, तिचीच ही धाकटी बहीण. माझीवर 1966 कोरलंय. बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. काडतूस एकदाही अडकलं नाही. 12 गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन दिसायला डब्यासारखं, पण भरवशाचं. जादा मॅगझिन मात्र शोधू नका, किंमत बघून पाणी प्यावं लागेल. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी (बटप्लेट) खांद्याला लागते, वीस गोळ्यांनंतर खुर्चीत रेलताना आठवण करून देते. मी नाटो काडतुसंच वापरतो, त्याच मापाची बाजारातली जोरकस .308 नाही.

घेणार असाल तर आधी सी अँड आर लायसन्स (जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचा अमेरिकी परवाना) काढा. तीन वर्षांचे 30 डॉलर, आणि 50 वर्षांपेक्षा जुनी रायफल थेट घरी येते. माझा एका ट्रान्सफरचा खर्च त्याहून जास्त झाला, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. बोल्टच्या दांड्याचा मागून काढलेला फोटो मागा, भिंगाखालचा. नाही म्हणाला तर पुढे सरका.

रात्री मी अजून बोल्ट काढून तो 8 बघतो, काय करणार.

काल त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली. 2ए1, 'अत्यंत दुर्मीळ', 'सर्व नंबर जुळतात', सुरुवात 795. फोटो मोठा करून पाहिला. आडव्या स्क्रूची खाच डाव्या बाजूला चिरलेली, तिच्याशेजारी लाकडावर नखाएवढा काळा डाग. फोटो माझ्या रायफलीचा आहे.