कमरेची चारापिशवी: आधी तोंड बघा, मग लिटर

गळाने कार्प मासे धरण्यासाठी पाण्यात चारा फेकताना चाऱ्याची बादली जमिनीवर असली की दर वेळी वाकावं लागतं, आणि पाण्यावर धरून ठेवलेली खूण वाकताना सुटते. कमरेच्या पिशवीचा खरा फायदा एवढाच: नजर पाण्यावर, हात पिशवीत. त्यामुळे पिशवी घेताना लिटरचा आकडा दुय्यम. तोंडाच्या कडेत ताठ पट्टी आहे का, ते आधी बघा. मऊ कडेची पिशवी ओली झाली की तोंड मिटतं, मग दोन्ही हात लागतात आणि पिशवी असून नसल्यासारखी होते. दुकानातच कमरेला बांधा, समोर बघत हात आत घाला. बोटं कडेला अडखळली तर ती पिशवी नकोच.

पट्टा चार सेंटीमीटरच्या आसपास रुंद हवा. अरुंद पट्टा वजनाने वळतो आणि कमरेला काचतो. अठरा मिलिमीटरच्या बॉयली (चाऱ्याच्या उकडलेल्या घट्ट गोळ्या) किलोला साधारण 300 बसतात आणि दीड लिटरभर जागा घेतात. दोन-अडीच लिटरच्या पिशवीत एक किलो घालून वर मोकळी जागा ठेवावी. काठोकाठ भरली तर मासा जाळ्यात घ्यायला वाकताच गोळ्या सांडतात, वरची नाडी ओढलेली असली तरी.

कोणत्या बाजूला बांधायची, हे साधनावर ठरतं. उजवा माणूस थ्रोइंग स्टिक (गोळ्या लांब फेकायची वाकडी पोकळ नळी) उजव्या हातात धरून डाव्याने गोळ्या भरतो, म्हणून पिशवी डावीकडे. बेचकीत उलट: चौकट डाव्या हातात, भरणारा हात उजवा, पिशवी उजवीकडे. मासा लागला की पट्टा सरकवून पिशवी पाठीमागे न्यायची. रॉडचा बुंधा टेकवायची जागा पोटाशी असते. पिशवी तिथेच लोंबत राहिली तर हँडल तिच्यात अडकतं.

तळाच्या जाळीबद्दल मात्र विचार करून ठरवा. नुसत्या बॉयलीसाठी जाळी उत्तम, डीप फ्रीझरमधून काढलेल्या गोळ्यांना सुटलेलं पाणी निघून जातं. मका किंवा हरभरे घेणार असाल तर तेच चिकट पाणी पँटवर ओघळतं. जाळीचा तळ आणि आत काढता-घालता येणारं रबरी अस्तर, अशी जोडी मिळाली तर थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही. दाणे पूर्ण भिजवून शिजवलेलेच हवेत: मका 24 तास भिजवून अर्धा तास उकळायचा, हरभरे रात्रभर भिजवून वीस-तीस मिनिटं. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. यात काटकसर करू नये, मासा परत सोडणार असाल तर मुळीच नाही.

दाणे आणि बॉयली एकाच कप्प्यात कधीच नकोत. दाण्यांच्या ओलीने गोळी मऊ पडते आणि स्टिकमधून सुटतानाच फुटते. तुकडे पंधरा-वीस मीटरवर विखुरतात, गळ मात्र त्याच्या कितीतरी पुढे पडलेला असतो. दोन कप्प्यांची पिशवी या एका कारणासाठी घेण्यासारखी आहे. पीव्हीएच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, चारा भरून गळाबरोबर टाकायच्या छोट्या पिशव्या मात्र या पिशवीत ठेवूच नका. चाऱ्याच्या ओल्या बोटांनी त्या हातातच विरघळतात. पट्ट्याला कडी असेल तर तिथे कोरडं फडकं अडकवा, पीव्हीए खिशात.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळी पिशवी चांगलीच तापते. ओला चारा दुपारपर्यंत आंबतो, म्हणून पिशवीत तासाभरापुरताच घ्यावा आणि बाकीचा सावलीत झाकून ठेवावा. चाऱ्यातल्या मासळीच्या भुकटीचं तेल शिवणीत मुरतं. घरी आल्यावर पिशवी उलटी करून साध्या पाण्याने ब्रशने घासा, सावलीत वाळवा. सुगंधी साबण नको, त्याचा वास पुढच्या चाऱ्याला लागतो. शिवणीतला चुरा राहिला तर रात्रीतून मुंग्या लागतात आणि उंदीर कापड कुरतडतात.

जे फक्त फीडर (गळाच्या दोरीला लावलेला, चारा भरायचा छोटा पिंजरा) वापरतात, हाताने चारा फेकत नाहीत, त्यांना हिची गरज नाही. त्यांचं काम टोपलीत मळलेल्या पिठावर भागतं.