गॅलरीचं कुटुंब-सदस्यत्व, नऊ महिन्यांनंतर: चित्रं उत्तम, पट्ट्या वाचता येत नाहीत

आधुनिक कलेच्या गॅलरीचं वार्षिक कुटुंब-सदस्यत्व नऊ महिने वापरून झालं. म्हणजे एक अख्खा हंगाम: तीन मोठी प्रदर्शनं, गॅलरीच्या स्वतःच्या संग्रहाचं एक छोटं दालन आणि महिन्यातून दोन रविवारी मुलांसाठी कार्यक्रम. दोन मोठे, तीन लहान, कितीही फेऱ्या, कार्यशाळेची नोंदणी आठवडाभर आधी, हे सगळं माहितीपत्रकात आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. नूतनीकरणाची सूचना आली म्हणून हिशेब मांडला, तर त्यात सगळ्यात जास्त जागा खाल्ली चित्राशेजारच्या माहितीपट्टीने. एवढ्याशा पुठ्ठ्याने.

आधी पैशांचं. सुट्ट्या तिकिटांशी तुलना केली तर सदस्यत्व तिसऱ्या फेरीला वसूल होतं. एखादी कार्यशाळा धरली तर दुसऱ्याच. पण खरा फायदा वेगळा आहे. तिकीट काढून गेलं की सगळं बघायची हाव सुटते, आणि दीड तासाने लहानथोर सगळे नुसते भिंतीवरून नजर फिरवत चालत असतात. सदस्यत्व असलं की एक दालन, फार तर पंधरा चित्रं, चाळीस मिनिटं आणि बाहेर. मुलांबरोबर हेच जमतं. उघडल्यानंतरचा पहिला तास घ्यावा आणि शेवटच्या दालनापासून उलटं यावं, कारण बाकीची गर्दी पहिल्या दालनातल्या मोठ्या प्रास्ताविक फलकापाशी अडकलेली असते.

पहिलं प्रदर्शन कागदावरच्या कामांचं: जलरंग, शाई, स्केचपेन, कोळसा. आत शिरलं की अंधार. पहिल्या फेरीनंतरचं मत असं होतं की गॅलरी विजेचं बिल वाचवतेय. ते मत चुकीचं होतं, मागे घेतो. कागदावरच्या कामांसाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवायचा असा जगभरचा दंडक आहे. कार्यालयातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात, त्यावरून अंदाज घ्या. उजेडाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. शिवाय हे नुकसान साठत जातं. १०० लक्समध्ये एक तास काय किंवा ५० लक्समध्ये दोन तास काय, कागदाच्या खात्यावर सारखेच मांडले जातात. शंका असेल त्याने अमेरिकन चित्रकार रॉथ्कोच्या हार्वर्ड विद्यापीठातल्या मोठ्या चित्रांची गोष्ट आठवावी. १९६४ मध्ये ती भरपूर खिडक्यांच्या जेवणाच्या दालनात लावली. त्यातला लिथॉल रेड हा लाल उन्हाने इतका उडाला की १९७९ पर्यंत चित्रं उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये पुन्हा दाखवली तेव्हा उडालेला रंग प्रोजेक्टरच्या रंगीत उजेडाने भरून काढावा लागला. रंगाला हात लावला नाही, वरून नुसता प्रकाश टाकला.

तेव्हा अंधार माफ. एक युक्ती सांगतो: बाहेरच्या लख्ख उजेडातून थेट आत जाऊ नका, मधल्या मार्गिकेत पाचेक मिनिटं थांबा. डोळे सरावले की ५० लक्स पुरतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर जास्त थांबा. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो.

आता पट्टी. चित्राला अंधार हवा हे पटलं, पण पट्टीला कशाला? तिचा रंग उडाला तर नवी छापता येते! इथली पट्टी पोस्टकार्डाएवढी, अक्षर १४ पॉइंटचं, तेही राखाडी आणि पांढऱ्यावर. तिचा मध्य जमिनीपासून साधारण १२० सेंमीवर. ही उंची मुलांसाठी आणि चाकांच्या खुर्चीसाठी बरोबर आहे, तक्रार उंचीची नाही. घोळ उजेडाच्या कोनाचा आहे. छतावरचे दिवे चित्रावर तिरके, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर रोखलेले असतात. काचेवरची चकाकी डोळ्यांत येऊ नये आणि चौकटीची सावली चित्रावर लांब पडू नये, यासाठी तो कोन योग्यच. पण मोठा माणूस बारीक अक्षर वाचायला पुढे वाकला की त्याचं डोकं बरोबर त्या झोतात येतं आणि सावली पट्टीवर पडते. म्हणजे वाचायला वाकावं तर अंधार, आणि सरळ उभं राहावं तर अक्षर दिसत नाही. दर चित्रापाशी हीच कवायत. त्यात वाकणारा माणूस चित्राच्या अर्ध्या मीटरवर, बघणारे दोन मीटरवर, म्हणजे मागच्या सगळ्यांना त्याची पाठ.

उपाय खर्चाचा नाही. काळं अक्षर, २४ पॉइंटच्या आसपास, फिकट पिवळसर पुठ्ठ्यावर, आणि मजकूर साठ शब्दांत. किंवा पट्ट्या भिंतीवरून काढून कमरेएवढ्या उंचीच्या तिरक्या कठड्यावर, वाचणाऱ्याकडे तोंड करून. तेही नको असेल तर दालनाच्या दाराशी, जिथे एकही चित्र नाही, तिथे उजेडात सगळ्या चित्रांची क्रमवार यादी. हे लेखी कळवलं. उत्तर आलं की पट्ट्यांची रचना प्रदर्शनाच्या एकूण दृश्यभाषेशी सुसंगत ठेवली आहे. दृश्यभाषा असेल, पण दिसत नाही हीच तर तक्रार होती.

सातव्या आठवड्यात आणखी एक धक्का. चौथ्या फेरीला गेल्यावर दुसऱ्या दालनातली निम्मी चित्रं गायब आणि त्यांच्या जागी दुसरी. कुठे सूचना नाही. मुलांनी नाव देऊन ठेवलेलं निळं चित्रही गेलेलं. पहिली प्रतिक्रिया अर्थातच फसवणुकीची. नंतर लक्षात आलं की बदललेली सगळी कामं जलरंगाची आणि स्केचपेनची होती. कोळशाची आणि शिसपेन्सिलीची जागेवरच होती, कारण कार्बन उजेडाने उडत नाही. मग गणितही जुळलं. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २००४ च्या शिफारशीप्रमाणे सर्वांत नाजूक कामांना वर्षाला १५,००० लक्स-तास (म्हणजे लक्स गुणिले तास). ५० लक्सने भागा, ३०० तास. गॅलरी रोज आठ तास, आठवड्यात सहा दिवस उघडी, म्हणजे आठवड्याला ४८ तास. सहा आठवड्यांत त्या कागदाचं वर्षाचं रेशन संपलं. आता तो वर्षभर पेटीत पडून राहणार. बारा आठवड्यांच्या प्रदर्शनात मध्येच फेरपालट होणार हे ठरलेलंच होतं. म्हणून सल्ला: कागदावरच्या कामांचं प्रदर्शन असेल तर पहिल्या पंधरवड्यात एकदा आणि आठव्या आठवड्यानंतर एकदा जा, एका सदस्यत्वात दोन प्रदर्शनं होतात. ही एवढी चांगली गोष्ट गॅलरी कुठेही सांगत नाही. आणि फेरपालटाच्या आठवड्यात तीन ठिकाणी चित्र नवं, पट्टी जुनी. जलरंगाच्या निसर्गचित्राखाली ‘शाई, आत्मचित्र’. मुलं हसली, मोठी माणसं बराच वेळ त्यात चेहरा शोधत होती.

दुसरं प्रदर्शन कॅनव्हासचं, बहुतेक अमूर्त. तैलरंगाला २०० लक्सपर्यंत चालतं, त्यामुळे पट्ट्या वाचता आल्या आणि तक्रारी आपोआप कमी झाल्या. चित्रं बघण्याची एक पद्धत इथे मुलांबरोबर चांगली चालली: आधी समोरून, मग बाजूने, भिंतीला जवळजवळ गाल लावल्यासारखं. (गाल लावू नका, रेषा ओलांडली की गजर वाजतो.) तिरकं बघितलं की थर दिसतात, कुठे रंग खरवडलाय, कुठे रोलर फिरलाय, कुठे नुसता पातळ हात आहे. गायतोंड्यांसारख्या अमूर्त चित्रकाराचं चित्र समोरून दोन मिनिटांत संपल्यासारखं वाटतं, बाजूने बघितलं की सुरू होतं.

पट्टी कशी वाचायची तेही सांगून टाकतो. मापं दिली असतील तर उंची आधी, रुंदी नंतर. ‘मिश्र माध्यम’ लिहिलं असेल तर जवळ जाऊन स्वतः ओळखा, मुलांना हा खेळ आवडतो. शेवटी एखादा क्रमांक असतो, त्यात बहुधा काम संग्रहात आल्याचं वर्ष असतं. चित्र काढल्याचं वर्ष आणि हे वर्ष यांत मोठं अंतर असेल तर तेवढा काळ ते बाहेर कुठेतरी होतं. मापांवरून चित्र आडवं की उभं ते कळतं, उलटं की सुलटं ते नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं कागद कापून केलेलं होडीचं चित्र १९६१ मध्ये ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं आणि ते शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं. तेव्हा मुलांनी ‘हे उलटं आहे का?’ विचारलं तर गप्प करू नका.

तिसरं प्रदर्शन व्हिडिओ आणि मांडणशिल्पांचं (दालनाच्या जागेतच वस्तू मांडून केलेली कामं), आणि इथे गॅलरीने कहर केला. पट्ट्याच काढल्या! प्रत्येक कामाशेजारी अंगठ्याएवढा क्यूआर कोड. मंद उजेडात तो कॅमेऱ्याला पटकन सापडत नाही, तळघरातल्या दालनात नेटवर्क येत नाही, आणि पान उघडलंच तर पडद्याच्या उजेडाने पाच मिनिटं सरावलेले डोळे पुन्हा पहिल्या पायरीवर. मुलांच्या हातात फोन गेला की प्रदर्शन संपलं ते वेगळंच. त्यातून व्हिडिओची लांबी कुठेच लिहिलेली नाही. तीन मिनिटांची फिल्म आहे की पन्नास, पुन्हा कधी सुरू होणार, आवाज मोठा आहे का, हे तीन आकडे-शब्द दाराबाहेर हवेत. ते नसले की लोक मधूनच शिरतात, मधूनच उठतात, आणि अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देतात. या प्रदर्शनाला एक तारा, तोही बाकांना.

रविवारचे कार्यक्रम मात्र अपेक्षेपेक्षा बरेच चांगले. नोंदणीचे आणि येऊन बसायचे असे दोन प्रकार आहेत. नोंदणीचे घ्या. येऊन बसायच्या टेबलावर अकरा वाजेपर्यंत चांगल्या कात्र्या संपतात. दालनात फक्त पेन्सिल, पेन नाही, खोडरबरही बाहेर. शिसं चुकून कुठे लागलं तर काढता येतं, शाई नाही, कारण एवढंच.

कापकामाची कार्यशाळा उत्तम. आधी कागद पोस्टररंगाने रंगवायचा, वाळवायचा, मग रेघ न काढता थेट कात्रीने आकार कापायचा, मातीससारखं. गडबड वाळवण्यात होते. जाड थराला अर्धा तास लागतो आणि सत्र पाऊण तासाचं, म्हणून रंगवलेले कागद ते तयारच देतात. चिकटवायला पातळ डिंक देत होते, त्याने ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणजे पातळ) कागदाला सुरकुत्या पडत. पुढच्या वेळी चिकटकांडी आणि १६० जीएसएम आला. सांगितलेलं ऐकतात म्हणायचं, पट्ट्यांचं सोडून.

अमेरिकन शिल्पकार काल्डरच्या धर्तीवर झुलतं शिल्प करायची कार्यशाळा आठ वर्षांखालच्यांना झेपत नाही, वय मात्र ‘सहापासून’ छापलंय. मुलं वरच्या काडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. सगळ्यात खालच्या काडीपासून वर जायचं असतं. खालची जोडी तोलून घ्यायची, मग ती अख्खी जोडी वरच्या काडीच्या एका टोकाचं वजन समजायची. दुप्पट जड बाजू टेकूपासून निम्म्या अंतरावर. दोऱ्याची गाठ घट्ट मारण्याआधी सरकवून बघायची, आणि गाठीवर डिंकाचा थेंब शेवटी. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर शेवटच्या दहा मिनिटांतली रडारड वाचेल.

जपानी कलाकार कुसामाच्या, प्रेक्षकांनी रंगीत ठिपके चिकटवायच्या पांढऱ्या खोलीवरून उचललेला ठिपक्यांचा रविवार (तिची मूळ खोली २००२ ची, ऑस्ट्रेलियातली, मुलांसाठीच केलेली) लहानग्यांना सगळ्यात आवडला. सकाळी गेलात तर ठिपके लावायला मोकळी भिंत मिळते, दुपारी फक्त खालची जमीन उरते.

हे लिहून होईपर्यंत मत आणखी एकदा बदललं. आठव्या महिन्यात कळलं की काउंटरवर मोठ्या अक्षरांची वही मिळते, सगळ्या पट्ट्यांचा मजकूर २० पॉइंटात, दालनाप्रमाणे, मोफत. पहिल्या दिवसापासून होती! फलक नाही, संकेतस्थळावर उल्लेख नाही, लेखी तक्रारीच्या उत्तरातही नाही. एकूण दोन तारे देणार होतो, ते वहीमुळे साडेतीन करतोय आणि नूतनीकरणही करतोय. एकूण सहा प्रती आहेत. ओळखपत्र ठेवावं लागतं. फेरपालटानंतरची पानं बदलली आहेत का ते घेतानाच विचारा, आणि क्यूआरवाल्या प्रदर्शनाची वही वेगळी आहे, ती नाव घेऊन मागावी लागते.