‘मानवी वर्तन आणि सामाजिक पर्यावरण’, पाच दिवसांचं निवासी ट्रेनिंग: माझा अनुभव, पाचपैकी चार स्टार

पोळा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मी या ट्रेनिंगला गेले होते, पाच दिवस, राहून, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यापासून थोडं आत. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण मला ट्रेनिंगबद्दल लिहायचंय, कोणाची जाहिरातही नको नि बदनामीही नको. फी होती २४०० रुपये, राहणं-जेवण धरून. आमच्याकडे गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी असं काही निघतंच कमी, म्हणून सविस्तर लिहिते, कोणाला पदरचे पैसे घालून जायचं असेल तर उपयोग होईल.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) केलंय, याच नावाचा पेपर आम्हाला पहिल्या वर्षाला होता. नोट्स पाठ केल्या, पेपर लिहिला, पास झाले. नंतर चार वर्षं झाली गावोगावी फिरतेय, शाळाबाह्य मुलं, बचत गट, दारूच्या केसेस, आणि खरं सांगते त्या पेपरातलं एक वाक्य माझ्या कामात कधी उतरलं नव्हतं. ट्रेनिंगला आम्ही २८ जण होतो, ग्रामसंघाच्या सीआरपी ताया (गावातल्या बचत गटांना मदत करणाऱ्या), दोन आशाताई, माझ्यासारखे एमएसडब्ल्यू झालेले चार-पाच, आणि कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींची वस्ती) मुलांसोबत काम करणारा एक दादा. अशी मिक्स बॅच होती म्हणूनच मजा आली, नुसते डिग्रीवाले असतो तर परत नोट्सच झाल्या असत्या.

पहिल्याच दिवशी ट्रेनर ताईंनी (वर्ध्याकडच्या, पन्नाशीच्या, आयुष्य फिल्डवर गेलेलं) एक नियम लावला. केस सांगताना विशेषणं बंद. आळशी, दारुडा, अडाणी, भांडखोर, ढ, एकही शब्द चालणार नाही, डोळ्यानं काय दिसलं तेवढंच बोलायचं. ऐकायला सोपं वाटते पण करून बघा, दोन मिनिटं पण जमत नाही. एक आशाताई सांगायला लागली, “तो माणूस लय आळशी हाये ताई, बायको वावरात राबते अन् हा बाजीवर पडून राह्यते.” ताई म्हणाल्या आळशी नको, काय दिसलं ते सांगा. “सकाळी दहा वाजता झोपेल होता.” महिना कोणता? “डिसेंबर.” वावरात काय होतं? “हरभरा.” आणि लाईन (वीज) कधी येत होती?

आशाताई गप्पच झाली. कारण आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे, शेतीची लाईन पाळीनं येते, एखाद्या आठवड्यात दिवसा तर एखाद्या आठवड्यात रात्री, आणि रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत रातभर ओलित करत बसते, सापाविंचवाची भीती वेगळीच. तो माणूस पहाटे येऊन झोपला होता. आशाताई त्याच गावची, तिच्या घरी पण हरभराच होता, तरी रजिस्टर हातात घेतलं की तिला तो आळशी दिसला. मला हे फार लागलं मनाला कारण माझ्या डायऱ्यांमध्ये असे शब्द पानोपानी आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्तुळं. ब्रॉनफेनब्रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मांडलेली थिअरी आहे, ज्यांनी सोशल वर्क शिकलंय त्यांना माहीत असेल. मधे मूल, त्याच्या भोवती सगळ्यात जवळचं वर्तुळ म्हणजे घर, शाळा, सवंगडी, ते मायक्रो. त्यांचे एकमेकांशी जे संबंध, म्हणजे गुरुजी आणि माय बोलतात की नाही, ते मेसो. मग एक्झो, म्हणजे जिथं ते मूल कधी जातच नाही पण तिथं ठरलेल्या गोष्टीनं त्याचं आयुष्य हलते. मग मॅक्रो, कायदे, बाजार, जात, चालीरीती. आणि नंतर त्यानंच जोडलेलं क्रोनो म्हणजे काळ. परीक्षेला मी ही आकृती कंपासनं काढली होती. इथं ताईंनी शेडच्या फरशीवर रांगोळीनं मोठी वर्तुळं काढायला लावली आणि म्हणाल्या तुमची अडकलेली केस मधे ठेवा.

मी एक पोरगा ठेवला. बारा वर्षांचा, सातवीत, गाव सांगत नाही आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलून लिहिते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत शाळेत येत नाही, दरवर्षी. शाळेतलं मत असं की याचं डोकं गणितात चालत नाही म्हणून पळतो. मी तीनदा घरी जाऊन आले होते, तिन्ही वेळा मायला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, ती हो हो म्हणाली, पोरगा दोन दिवस आला आणि परत बंद.

आता वर्तुळं भरायला लागले तर एक्झोमध्ये काय टाकायचं कळेना. ताईंनी विचारलं, माय कामाला कशी जाते? कापूस वेचणीला, टोळीतून, मुकादमाच्या गाडीनं, दुसऱ्या तालुक्यात. गाडी किती वाजता निघते? सहाला. परत? अंधार पडल्यावर, सात तरी होतात. घरी अजून कोण? दीड वर्षाची बहीण. तिला कोण पाहते?

मी तीनदा त्या घरी गेले आणि तिन्ही वेळा ती लेकरू त्या पोराच्या कडेवर होती. मी पाहिलं होतं, पण मोजलं नव्हतं. अंगणवाडीत पूर्वप्राथमिकला तीन ते सहा वर्षांचीच मुलं बसवतात, तीनच्या आतल्यांना घरी नेण्याचा आहार मिळतो, म्हणजे दीड वर्षाच्या पोरीला दिवसभर ठेवायला गावात जागाच नाही, पाळणाघर आमच्या त्या गावात नाही. वेचणीचा सीझन दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि संक्रांतीकडे ओसरतो. पोराची गैरहजेरी आणि मुकादमाच्या गाडीचा सीझन एकावर एक ठेवला तर तारखासुद्धा जुळत होत्या! ते पोरगं त्या मुकादमाला बहुतेक कधी भेटलंही नसेल पण त्याच्या गाडीच्या वेळेवर त्याची शाळा चालत होती. एक्झो म्हणजे काय हे मला त्या फरशीवर बसून कळलं, एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत नाही.

अजून एक. तिसऱ्या दिवशी इकोमॅप शिकवला, ॲन हार्टमन या बाईंनी १९७८ मध्ये हा कागद सोशल वर्करच्या हातात दिला. मधे कुटुंब, भोवती शाळा, दवाखाना, सावकार, कृषी केंद्र, नातेवाईक, भजनी मंडळ जे असेल ते गोल, घट्ट नातं असेल तर जाड रेघ, पातळ असेल तर तुटक, ताणाचं असेल तर आडव्या रेघांनी कापलेली. आणि बाण, शक्ती कुठून कुठं जाते त्याचा. यात आधार कुठून मिळतो हे पण शोधावंच लागते, नुसतं दुखणं लिहून चालत नाही. परत आल्यावर मी त्या घरी बसून मायसोबत हा नकाशा काढला, तेव्हा पोरानं एक वही आणून दाखवली. मायनं रोज किती किलो वेचला, किलोमागे काय भाव, उचल किती कापली, आठवड्याचे किती निघाले, सगळं त्याच्या हातचं, टोळीतल्या आणखी दोन बायांचा हिशोब पण तोच ठेवतो. मी ती वही परवानगी घेऊन शाळेत गुरुजींना दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली, आणि म्हणाले बेरजा बरोबर आहेत.

नकाशात एक जाड रेघ शेजारच्या आजीकडे गेली होती, ती मला आधी माहीतच नव्हती. त्या आजीशी, मायशी आणि गटातल्या बायांशी बोलून असं ठरलं की लहानी सकाळी आजीकडे राहील, माय आठवड्याला आजीला थोडे पैसे देईल. सगळं सुटलं असं नाही हं. आजीला बरं नसलं की पोरगा घरी असतो, बाजाराच्या दिवशी पण असतो. पण या सीझनला तो आठवड्यातले चार दिवस तरी शाळेत बसतोय आणि मी त्या मायला भाषण देणं बंद केलंय.

एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचे वयाचे आठ टप्पे पण घेतले, १९५० चे, त्यात बारा ते अठरा म्हणजे ‘मी कोण’ हे शोधायचं वय. इथं पोडावरचा दादा उठून बोलला की आमच्याकडे सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न होऊन ती चूल सांभाळते, तिचा हा टप्पा कधी येतो? ताईंनी उत्तर गुंडाळलं नाही. म्हणाल्या हे टप्पे ज्या समाजात लिहिले गेले तिथले आहेत, आपल्याकडे वापरताना वय सोडा आणि प्रश्न धरा, त्या पोरीला स्वतःबद्दल ठरवायला जागा कधी मिळाली ते बघा, आणि अठराच्या आत लग्न हा कायद्यानं गुन्हा आहे तेही सोडू नका. मग त्यावर तासभर चर्चा झाली, लय चांगली झाली. काळाच्या वर्तुळात पण लोकांनी स्वतःहून २०१७ लिहिलं. त्या साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजुरांचे जीव गेले आणि वरून कपाशीवर गुलाबी बोंडअळी. ज्या घरात त्या साली कोणी दवाखान्यात होतं त्या घराचं आजचं कर्ज, आजची भांडणं तिथून सुरू होतात, आणि आपण मात्र मागच्या महिन्यापासून केस लिहायला घेतो.

चौथ्या दिवसाची दुपार आत्महत्येवर होती. हे सेशन एकट्यानं पण २४०० रुपयांचं आहे असं माझं मत. दोन गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या. एक म्हणजे सरळ विचारायचं, “जीव द्यायचा विचार मनात येतो काय?” असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा आपला गैरसमज आहे, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो, आम्ही जोड्या करून हे वाक्य वऱ्हाडीत मोठ्यानं म्हणायचा सराव केला, पहिल्यांदा जीभच वळत नव्हती. दुसरं म्हणजे अशा घरात फवारणीचं औषध हाताशी राहू द्यायचं नाही, कुलपात किंवा दुसऱ्या विश्वासू घरी ठेवायला लावायचं, कारण तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ पण समजावलं, प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, केस करायची नाही. गावात अजूनही पोलिसाच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत म्हणून हे सांगणं फार गरजेचं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह केला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते.

आता तक्रारी. पुस्तिका वाचवत नाही. ‘परिस्थितिकीय प्रणाली दृष्टिकोन’ असं लिहिलं की सीआरपी ताई पहिल्या पानावरच बंद करते, आणि त्याच ताईनं रांगोळीत ते सगळं बरोबर भरलं होतं. सरावाच्या केसेस शहरातल्या, फ्लॅट, ऑफिस, घटस्फोट, दोन सेशन तर त्यातच गेले. त्यांच्याकडे २८ माणसं गावातून आलेली असताना बाहेरून केसेस आणायची गरज काय होती? एक पाहुणे आले ते पूर्ण हिंदीत बोलले, नव्वद मिनिटं, स्लाईड वाचत, मागच्या बाया तूर निवडल्यासारखं खाली मान घालून बसल्या होत्या.

लहान लेकरू घेऊन आलेल्या दोन ताया होत्या, त्यांच्यासाठी काहीच सोय नव्हती, आम्हीच आळीपाळीनं सांभाळलं. कोण कुठल्या परिस्थितीत काम करते हे शिकवणाऱ्या शिबिरात हे व्हायला नको होतं, मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय. आणि सगळ्यात मोठी कमी, नंतर फॉलोअप नाही. नकाशा काढायला पाच दिवसांत येते पण केस अडकली की कोणाला विचारायचं? आम्ही सात-आठ जणींनी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, नावं-गावं न टाकता केसेस बोलतो, ताई पण कधीमधी उत्तर देतात, पण ते त्यांच्या चांगुलपणावर चाललंय.

जेवण साधं आणि चांगलं, वरण-भात, भाजी-पोळी, एक दिवस झुणका-भाकर आणि ठेचा. राहायला हॉल, गाद्या ठीक, बायांसाठी संडास दोनच आहेत म्हणून पाचला उठा.

जायचं असेल तर वेचणी सुरू व्हायच्या आधीची बॅच धरा, नाहीतर गावातल्या ताया येऊ शकत नाहीत आणि त्या नसल्या तर अर्धं ट्रेनिंग गेलं. सोबत एक अडकलेली केस घेऊन जा, माणसाचं नाव बदलून, आणि त्या घरातले कोण किती वाजता निघते किती वाजता येते हे आधी विचारून जा, मला ते आठवून आठवून सांगावं लागलं. मच्छरदाणी घरून न्या.